दीर्घिकांचे आकार आणि आमच्या प्रयोगवह्या

दरवर्षीं शाळाशाळांच्या प्रयोगशाळांतून लंबकाचा प्रयोग होतो. एक दोरा, एक गोळा आणि एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर पृथ्वीच्या आकर्षणानें वस्तूस मिळणारा प्रवेग काढावयाचा असतो. आणि दरवर्षीं बहुतेक वह्यांत सेंटिमीटर-सेकंदांच्या मापानें उत्तर एकच उतरतें, तें म्हणजे ९८१. कोणाचा दोरा आंखूड, कोणाचें घड्याळ मंद, कोणी आंदोलनें मोजतांना शेजाऱ्याशीं बोलत होता. तरी उत्तर ९८१! वस्तुतः हा आंकडा लंडन-पॅरिसकडील अक्षांशांचा आहे. आमच्या महाराष्ट्रांत तो ९७८ व ९७९ यांच्या दरम्यान पडतो. इतका सूक्ष्म भेद शाळेच्या घड्याळास व पट्टीस कळावयाचा नाहीं, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंही आहे. परंतु मग ज्या साधनांस ९७८ कळत नाहीं, त्यांस ९८१ तरी कोणी सांगितलें?

हा प्रश्न आम्ही थट्टेनें विचारीत नाहीं. साधन अपुरें असणें हा दोष नव्हे. अपुरेपण किती आहे हें न पाहणें आणि पाहून तें लपविणें हा दोष होय, असें आमचें मत आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ शाळेच्या प्रयोगशाळेंतून निघून आम्ही वाचकांस थेट आकाशांत नेणार आहों. कारण मनुष्यानें आजवर हातीं घेतलेल्या अत्यंत नाजूक मोजमापांपैकीं एक तेथें चाललें आहे, आणि त्याचें सारें यश, आपल्याच कॅमेऱ्याचीं घरें किती मोठीं आहेत या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे.

प्रथम मूळ गोष्ट सांगूं. जड वस्तूजवळून जाणारा प्रकाश वांकतो, हें आइन्स्टाइन यांनीं १९१५ सालीं पूर्ण केलेल्या सिद्धांतावरून निष्पन्न होतें. सूर्याच्या कडेस लागून येणारा ताऱ्याचा किरण १.७५ विकला वळावा, असें त्यांचें गणित होतें. (अंशाचा साठावा भाग ती कला, व कलेचा साठावा भाग ती विकला.) २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणांत इंग्रज ज्योतिषांच्या दोन तुकड्यांनीं या गणिताची परीक्षा घेतली, एडिंग्टन हे आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले, व दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल गांवीं गेली. प्रिन्सिपेचें उत्तर १.६१ आलें, सोब्रालच्या एका लहान दुर्बिणीचें १.९८ आलें, आणि सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीचें उत्तर मात्र जवळजवळ निम्मेंच आलें. या तिसऱ्या दुर्बिणीच्या कांचांवर ताऱ्यांचीं चित्रें विस्कटलेलीं होतीं. सूर्याच्या तापानें तिच्या आरशाचा आकार बिघडला असावा, असा निष्कर्ष निघाला. येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं हें गैरसोयीचें उत्तर त्या मंडळींनीं दडविलें नाहीं. त्यांनीं तें छापलें, त्यावर कमी विश्वास कां ठेवावा याचीं कारणें छापलीं, आणि निर्णय जगाच्या स्वाधीन केला. त्या निर्णयावर पुढें अनेक वर्षें वाद झाला. तो वाद होऊं शकला याचें कारण आंकडे उघडे होते.

सूर्य जें एका किरणास करितो, तेंच दीर्घिकांचे प्रचंड समूह त्यांच्या मागील सर्व आकाशास करितात. आमची आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा अब्जावधि दीर्घिका अवकाशांत पसरलेल्या आहेत. अति दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आम्हांकडे येतांना वाटेंतील द्रव्याच्या ओढीनें थोडा थोडा वळतो, आणि तिचें चित्र एका दिशेस किंचित् ताणलें जातें. हा ताण बहुधा शेंकड्यास एक इतकाच असतो. जुन्या खिडकीच्या ओबडधोबड कांचेंतून समोरचें झाड किंचित् ओढल्यासारखें दिसावें, तसा हा प्रकार आहे. म्हणून त्यास ‘दुर्बल गुरुत्वीय भिंग’ म्हणतात. दीर्घिकांच्या एका समूहाभोंवतीं असा ताण १९९० सालीं प्रथम दाखविण्यांत आला. आणि समूह सोडून सर्वसाधारण आकाशांतही तो आहे, हें २००० सालीं चार निरनिराळ्या मंडळ्यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें.

या ताणाचें महत्त्व असें, कीं विश्वांत जें द्रव्य प्रकाश देत नाहीं व अडवीतही नाहीं, ज्यास कृष्णद्रव्य म्हणतात, तें पाहण्याचा हा जवळजवळ सरळ मार्ग आहे. तारे, वायु, धूळ, तुम्ही आणि आम्ही ज्या द्रव्याचे झालों आहों, त्याच्या सुमारें पांचपट हें अदृश्य द्रव्य आहे, असें आज मानितात. तें कोठें व किती आहे हें त्याच्या मागील दीर्घिकांच्या पिळलेल्या आकारांवरून वाचावयाचें असतें. म्हणजे अक्षर चुकीचें वाचलें तर सर्व ग्रंथच चुकीचा लागला.

आतां अडचण पाहा. दीर्घिका मुळांतच वाटोळ्या नसतात. कोणी लांबट, कोणी चपटी, कोणी तिरपी. त्यांचा स्वतःचा लांबटपणा या ताणाच्या सुमारें तीसपट असतो. एका दीर्घिकेवरून कांहींच कळत नाहीं. परंतु त्यांचे कल बहुतांशीं वाटेल त्या दिशेस असल्यामुळें पुष्कळांची सरासरी घेतली म्हणजे त्यांचें वैयक्तिक वांकडेपण परस्परांत जिरतें, व सर्वांस सारखा लागलेला ताण तेवढा उरतो. सरासरीची चूक संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत घटते. म्हणून शेंकड्यास एक इतक्या बारकाईस ९०० दीर्घिका लागतात. हजारीं एक इतक्या बारकाईस ९०,०००. यावरून सहजच वाटतें, कीं दीर्घिका वाढवीत गेलें म्हणजे सत्य आपोआप हातीं येईल. येथेंच फसगत आहे. आणि ती समजण्यासाठीं कॅमेऱ्याच्या आंत डोकावलें पाहिजे.

आजच्या दुर्बिणीच्या तोंडाशीं फिल्म नसते. प्रकाश टिपणाऱ्या अतिशय लहान चौकोनी घरांची पट्टिका असते. एकेका घरास पिक्सेल म्हणतात. घरांत पडलेला सर्व प्रकाश एकत्र मोजला जातो. घराच्या कोणत्या कोपऱ्यांत तो पडला, हें कायमचें हरवतें. ज्या मुलींनीं शिवणाच्या तासाला दोसुतीवर कशिदा काढला आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. कापडाची वीण जाड असेल तर वाटोळें फूल काढूं म्हटलें तरी तें पायऱ्यापायऱ्यांचें होतें, आणि तेंच फूल अर्धें घर सरकवून काढलें तर त्याची आकृतिच बदलते. आकाशाचेंही तसेंच होतें. समजा, एक अतिशय बारीक, पूर्ण वाटोळा ठिपका घराच्या बरोबर मध्यभागीं पडला. चित्रांत एकच घर उजळेल. तोच ठिपका दोन घरांच्या सीमेवर पडला, तर शेजारशेजारचीं दोन घरें सारखीं उजळतील, आणि पाहणारा म्हणेल कीं ही वस्तु लांबट आहे! वस्तु तीच, केवळ जागा बदलली.

घरें किती लहान असावींत, याचा नियम ठरलेला आहे. नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं आणि शॅनन यांनीं १९४९ सालीं तारायंत्र व दळणवळण यांच्या संदर्भांत त्याचा विचार केला. चित्रांतील सर्वांत बारीक लहर जेवढी लांब, तिच्या अर्ध्याहून घर मोठें नसावें, हें त्याचें सार होय. घर मोठें असेल तर बारीक लहर नुसती नाहींशी होत नाहीं. ती मोठ्या लहरीचें सोंग घेऊन चित्रांत शिरते. चित्रपटांत धांवत्या गाडीचें चाक उलट फिरतांना सर्वांनीं पाहिलें आहे. तेथें चाकाच्या गतीच्या मानानें चित्रें तुटक घेतलेलीं असतात, म्हणून पुढें जाणारा आरा मागें जातांना भासतो. पडद्यावरील चाक पाहून आम्ही हंसतों, कारण गाडी पुढें जात आहे हें आम्हांस ठाऊक असतें. दूरच्या दीर्घिकेचें खरें रूप मात्र कोणासच ठाऊक नसतें. तेथें सोंग ओळखावयाचें कोणी?

‘परंतु दीर्घिका तर घरांवर कशाही पडणार; ही चूकही सरासरींत जिरेल,’ असें कोणी चलाख विद्यार्थी म्हणेल. कांहीं अंशीं तो बरोबर आहे. पण दुर्बीण स्वतःच प्रत्येक चित्र थोडें पसरविते व वांकडें करिते. तें वांकडेपण वजा करण्यासाठीं ज्योतिषी ताऱ्यांकडे पाहतात. तारा म्हणजे बिंदु. त्याच्या चित्रांत जी आकृति दिसेल ती सर्व दुर्बिणीची. आतां घरें मोठीं असलीं तर ताऱ्याचीच आकृति नीट कळत नाहीं. आणि त्या चुकलेल्या आकृतीनें सर्व दीर्घिका दुरुस्त केल्या जातात. मग ही चूक एकीस उजवीकडे व दुसरीस डावीकडे अशी राहत नाहीं. सर्वांस एकाच दिशेनें लागते. दुकानदाराचें वजनच हलकें असेल तर हजार गिऱ्हाइकांची सरासरी काढल्यानें माप पुरें होत नाहीं. संख्येनें धुतली जाणारी चूक निराळी, आणि संख्येनें मुळींच न हालणारी चूक निराळी. हा भेद जो शिकला, तो अर्धें शास्त्र शिकला असें आम्ही समजतों.

‘मग घरें लहान कां करीत नाहींत?’ हा पुढील प्रश्न. येथें एक खरें उदाहरण घेऊं. युरोपची ‘युक्लिड’ नांवाची दुर्बीण १ जुलै २०२३ रोजीं अवकाशांत सोडण्यांत आली. ती पृथ्वीपासून सुमारें पंधरा लाख किलोमीटरांवर राहून काम करिते. तिचा आरसा १.२ मीटर रुंदीचा, आणि दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्याचीं घरें ०.१ विकलेचीं. अडीच सेंटिमीटर रुंदीचें नाणें पन्नास किलोमीटरांवर धरलें असतां जेवढें दिसेल, तेवढें हें घर. आतां वरच्या वर्गांतील कोणीही करूं शकेल असें गणित पाहा. प्रकाशाची लांबी ७०० नॅनोमीटर धरून तीस आरशाच्या रुंदीनें भागिलें असतां सुमारें ०.१२ विकला येतात. त्याचें अर्ध ०.०६. म्हणजे नियमाप्रमाणें घर ०.०६ विकलेचें पाहिजे, आणि आहे ०.१ चें. इतक्या हुशार मंडळींस हें कळलें नसेल काय?

त्यांस तें पूर्ण कळलें होतें. घरांची एकंदर संख्या ठरलेली असते. युक्लिडच्या या कॅमेऱ्यांत तीं सुमारें साठ कोटि आहेत. तेवढींच घरें ०.०६ विकलेचीं केलीं, तर एका वेळीं दिसणारें आकाश एक-तृतीयांशाच्या जवळपास येईल, आणि सहा वर्षांत जें सुमारें १४,००० चौरस अंश आकाश पाहावयाचें योजिलें आहे, त्यास सोळा-सतरा वर्षें लागतील. शिवाय लहान घरांत प्रकाश थोडा पडतो, आणि प्रत्येक घराच्या मोजणींत यंत्राची स्वतःची गडबड मिसळते ती निराळीच. बारकाई घ्यावी तर विस्तार जातो, विस्तार घ्यावा तर बारकाई जाते. २००७ सालीं अमेरिकेंतील एका योजिलेल्या अवकाश-दुर्बिणीसाठीं हाच हिशेब प्रसिद्ध झाला. घर जितकें लहान तितकें आकाराचें मापन चांगलें, हें त्यांत दिसलेंच. परंतु काळ व घरांची संख्या ठरलेली असेल, तर ०.१४ विकला पसरलेल्या ताऱ्याच्या चित्रास ०.०९ विकलेचें घर सर्वांत फायद्याचें, असें उत्तर आलें. चित्रें बरोबर अर्धें घर सरकवून पुन्हां घेतां आलीं तर घर सुमारें ०.१६ पर्यंतही चालेल, असेंही त्यांत सांगितलें होतें.

हें सरकविण्याचें तंत्र मोठें सुंदर आहे. १९९५ च्या डिसेंबरांत हबल दुर्बिणीनें आकाशाच्या एका इवल्याशा तुकड्याकडे दहा दिवस टक लावून ३४२ चित्रें घेतलीं. तिच्या कॅमेऱ्याचीं बहुतेक घरें ०.१ विकलेचीं, म्हणजे त्या आरशाच्या मानानें फारच मोठीं. म्हणून दर कांहीं चित्रांगणिक दुर्बीण घराच्या अंशानें इकडेतिकडे सरकविली. पहिल्या चित्रांत जें दोन घरांच्या सीमेवर हरवलें, तें दुसऱ्या चित्रांत सांपडलें; आणि सर्व चित्रें मिळून ०.०४ विकलेच्या घरांचें एक चित्र बसवितां आलें. या जुळवणीच्या रीतीस तिच्या कर्त्यांनीं रिमझिम पावसाचें नांव दिलें आहे, कारण मोठ्या घरांतील प्रकाश थेंबाथेंबानें बारीक घरांवर शिंपावयाचा असतो. युक्लिडही आकाशाच्या प्रत्येक भागाचीं साधारणतः चार चित्रें किंचित् सरकवून घेते.

याहून आम्हांस विशेष कौतुक वाटतें तें दुसऱ्या एका रिवाजाचें. हे ज्योतिषी स्वतःची परीक्षा घेतात. संगणकावर खोट्या दीर्घिका रचावयाच्या, त्यांस ठराविक ताण द्यावयाचा, घरें व गडबड खऱ्यासारखी घालावयाची, आणि ताण किती दिला तें गुप्त ठेवून सर्वांस म्हणावयाचें, ‘ओळखा पाहूं!’ २००८ सालच्या अशा एका स्पर्धेंत सुमारें तीन कोटि खोट्या दीर्घिकांचीं चित्रें होतीं. नामांकित रीतीही अशा परीक्षांत चुकल्या, आणि किती चुकल्या तें छापलें गेलें. युक्लिडच्या मंडळीनें स्वतःस घातलेली अट अशी, कीं ताणाच्या मापांत सरसकट लागणारी चूक हजारीं दोन याहून कमी असली पाहिजे. सुमारें दीडशें कोटि दीर्घिकांचे आकार मोजण्याचा ज्यांचा संकल्प, ते संख्येचा डौल न मिरवितां आपल्या घरांच्या चुकीचा हिशेब आधीं मांडतात!

आतां आम्ही आमच्या प्रयोगवहीकडे वळतों. मिलिमीटरच्या पट्टीनें लांबी मोजावयाची, आणि घनफळ दशांशाच्या पांच स्थळांपर्यंत लिहावयाचें; घड्याळ एक-पंचमांश सेकंद दाखवितें, आणि उत्तर पुस्तकांतील आंकड्याशीं तंतोतंत जुळवावयाचें; न जुळणारें निरीक्षण रबरानें पुसावयाचें; हा आमच्या विद्यार्थ्यांचा परिपाठ झाला आहे. यांत सर्व दोष त्यांचा नाहीं. जुळलेल्या उत्तरास आम्ही शिक्षक पुरे गुण देतों, आणि प्रामाणिक ९६५ ला तांबडी रेघ ओढतों. घरीं वडील मंडळीही ‘उत्तर बरोबर आलें काय?’ एवढेंच विचारितात. मुलगा हुशार असतो. काय केलें असतां सर्व प्रसन्न होतात, हें तो लवकर शिकतो.

कित्येक पालक म्हणतील, कीं परीक्षा पास होणें प्रथम, सत्यशोधन मागाहून. आणि दूरच्या दीर्घिकेचा आकार कळून घरांत भाकरी येत नाहीं. त्यांच्या काळजीचा आम्ही अनादर करीत नाहीं. परंतु हाच मुलगा उद्यां औषधाच्या दुकानांत तराजू धरील, पुलाच्या कामावर सिमेंटचें प्रमाण पाहील, रुग्णालयांत रक्ताच्या तपासणीचा आंकडा लिहील. तेथें पुस्तकाच्या शेवटीं उत्तर छापलेलें नसतें. आपलें साधन कोठवर खरें बोलतें आणि कोठून पुढें अंदाज सुरू होतो, हें ज्यास वेळीं सांगतां येत नाहीं, त्याच्या हातचें माप घातक ठरतें. खोटें वजन व खोटा तराजू यांचा निषेध नीतिसूत्रांच्या पुस्तकांत एकाहून अधिक वेळां आला आहे; तो केवळ वाण्याउदम्यांकरितां आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटीं उत्तराच्या शेजारीं आणखी दोन रकाने असावे. एकांत, साधनाचें सर्वांत लहान घर केवढें तें लिहावें. पट्टीचा मिलिमीटर, घड्याळाचा पंचमांश, तापमापकाचा अर्धा अंश. दुसऱ्यांत, त्यामुळें उत्तर किती पुढेंमागें होऊं शकेल तें लिहावें. आणि निरीक्षण पुसूं नये. त्यावर एक सरळ रेघ मारून, तें कां सोडलें तें बाजूस लिहावें, जसें १९१९ च्या ज्योतिषांनीं लिहिलें. जो विद्यार्थी ‘९६५, वीस कमी किंवा अधिक’ असें लिहून कारण देईल, त्यास गुण पुरे मिळाले पाहिजेत. आणि ९८१ लिहून जो रकाने कोरे ठेवील, त्यास ते मिळतां कामा नयेत. हें करणें सर्वस्वी आम्हां शिक्षकांच्या हातीं आहे, आणि त्यास नव्या उपकरणांचा एक पैही खर्च नाहीं.

पालकांस विनंती एवढीच, कीं यापुढें मुलाची वही पाहतांना उत्तराच्या आधीं शेजारच्या त्या दोन रकान्यांकडे पाहावें, आणि ते भरलेले दिसल्यास मुलास शाबासकी द्यावी.